कूलरसमोरची खुर्ची

अकोल्याला माझ्या सासरी बैठकीच्या खोलीत खुर्च्या पुष्कळ आहेत, पण बसण्यासारखी एकच. खिडकीला लोखंडी कूलर लावलेला आहे आणि त्याच्या बरोबर समोर एक वेताची खुर्ची आहे. कूलरचं वारं फक्त तिथंच पोचतं. बाकीच्या खुर्च्यांपर्यंत नुसता आवाज येतो. ज्यांनी अकोल्याचा मे महिना पाहिलेला नाही, त्यांना या खुर्चीचं महत्त्व समजावून सांगण्याच्या फंदात मी पडत नाही. त्यांनी पुण्यात सुखानं राहावं.

लग्न झाल्यापासून ती खुर्ची माझी होती. तसा काही ठराव झालेला नव्हता, पण मी थोरला जावई. मी दारात चपला काढल्या की सासरे, म्हणजे केशवराव, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलायचे आणि म्हणायचे, "या शेखरराव, हवेत बसा." खुर्चीत कुणी बसलेलं असलं तर ते न सांगता उठायचं. माणसाला आयुष्यात आणखी काय हवं असतं? मला तरी काही नको होतं.

मग कुलदीपनं व्हेंचर कॅपिटलमध्ये उडी मारली.

कुलदीप माझा साडू. माझी बायको हर्षा, तिची धाकटी बहीण आचल, आणि आचलचा नवरा हा कुलदीप. राहतो बंगलोरला. तोही माझ्यासारखाच प्रॉडक्ट मॅनेजर होता. मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम अमरावतीला घरात बसून करायचो आणि तो बंगलोरच्या कंपनीचं काम बंगलोरच्या रस्त्यावर गाडीत अडकून करायचा. आम्ही दोघं नेमकं काय करतो हे सासऱ्यांना कळत नव्हतं. दोघांचंही सारखंच कळत नसल्यामुळे घरात शांतता होती.

दर भेटीत ते विचारायचे, "प्रॉडक्ट मंजे वस्तू. तं तुमी वस्तू कोनती बनवता?"

"मी बनवत नाही मामाजी, बनवणारे वेगळे असतात."

"मंग विकता?"

"विकणारेही वेगळे."

"मंग तुमी?"

यावर मी "मी मधे असतो" असं काहीतरी पुटपुटायचो, आणि तेवढ्यात सासूबाई पन्हं घेऊन यायच्या. इतकी वर्षं माझी अब्रू पन्ह्यानं वाचवली.

रामनवमीच्या सुमारास मेहुण्याचं, शिवमचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला. ऊन तापायला लागलं होतं आणि कूलर नुकताच धुऊनपुसून, गवताच्या नव्या ताट्या लावून सुरू झाला होता. मी खुर्चीत होतो. कुलदीप आला, सासऱ्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामाजी, मी नोकरी बदलली. आता व्हेंचर कॅपिटलमध्ये आहे."

"थे काय असते?"

"लोक नव्या कंपन्या काढतात ना, त्यांत पैसे गुंतवायचे."

सासरे जरा पुढे झुकले. "मंजे लोकं तुमच्याकडे मांगाले येतात?"

"रोज येतात."

"आन तुमी हो-नाई म्हनता?"

"बहुतेक वेळा नाहीच म्हणतो," कुलदीप हसला.

सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मी माझ्या लग्नातसुद्धा तसा पाहिला नव्हता. या माणसानं आयुष्यभर कचेऱ्यांच्या खिडक्यांवर उभं राहून "नाही" ऐकलेलं. आज त्याला "नाही" म्हणण्याचा पगार घेणारा जावई मिळाला होता. ते उठले, माझ्याजवळ आले, आणि अतिशय मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेखरराव, तुमी आपलेच हा. थोडे सरका. कुलदीपराव, इकडे या, हवेत बसा."

मी सरकलो. "आपलेच" हा शब्द मी तोवर चांगला समजत होतो.

मला काय वाटलं ते आडपडदा न ठेवता सांगतो. थोर लोकांच्या आत्मचरित्रांत अशा वेळी "मनाला किंचित चटका बसला" असं लिहिलेलं असतं. मी जळलो. पार आतून जळलो. समोर कुलदीपच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं भुरुभुरु उडत होते आणि मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, बाहेरची झळ पाठीवर घेत, त्या केसांकडे बघत होतो. ते केस गळावेत असंही माझ्या मनात येऊन गेलं. मागाहून मला वाईट वाटलं, पण फार नाही.

अमरावतीला परतताना गाडीत हर्षा म्हणाली, "तुमी जळून राहिले."

"मी? कशाला?"

"बडनेऱ्यापासून तुमी एकही गाडी पुढं जाऊ देऊन नाई राहिले. थो टँकर हाये, कुलदीप नाई."

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं, की प्रॉडक्ट मॅनेजर राहण्यात आता माझी वाढ होत नसून मीही व्हेंचर कॅपिटलमध्ये जाणार आहे. दोन महिन्यांत अधिक मास लागत होता. अधिक मासात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, ओवाळतात, वाण देतात. वऱ्हाडात जावई त्या दिवशी देवाच्या खालोखाल. त्या दिवशी त्या खुर्चीत मला बसायचं होतं. माझ्या करिअरचं ध्येय इतकं स्पष्ट याआधी कधीच नव्हतं.

ही बातमी मी फक्त हर्षाला सांगितली होती. सकाळी दूधवाल्यानं माझं अभिनंदन केलं.

शेजारचे चंद्रभानजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून ते कॉलनीतल्या प्रत्येकाच्या कामात लोड घेतात. ते चहाला आले आणि म्हणाले, "पाहा शेखरभाऊ, पैसे लावायच्या धंद्यात तीन गोष्टी लागतात. पांढरा शर्ट, काळी गाडी आन कमी बोलनं. तुमच्यापाशी शर्ट हाये."

"अहो, पैसे माझे नसतात. फंडाचे असतात."

"थे तं अजून चांगलं. मंग कावून भेऊन राहिले?"

मी अर्ज करायला लागलो. दोन-चार फंडांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखती घेतल्या. घेणारे सगळे माझ्यापेक्षा लहान, आणि त्यांच्या मागे भिंतीवर हिरवी झाडं. माझ्या मागे धान्याची कोठी. एकानं विचारलं, "तुमची इन्व्हेस्टमेंट थीसिस काय आहे?" म्हणजे, कुठल्या धंद्यात पैसे लावावेत याबद्दल तुमचं मत काय. ते मला कॉल संपल्यावर कळलं. कॉल चालू असताना मी "लवकरच पूर्ण करतो" असं उत्तर दिलं होतं. चंद्रभानजींनी लगेच एक ओळखीचा माणूस सुचवला. तो थीसिस टाइप करून, काळ्या पुठ्ठ्यात बांधून, वर सोनेरी अक्षरांत नाव घालून देतो म्हणे.

शेवटी मुंबईच्या एका छोट्या फंडाच्या मंजुषा मॅडम भेटल्या. स्पष्ट बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, "शेखर, तुम्ही हुशार आहात, पण हुशार माणसं मला रोज भेटतात. अमरावती-अकोल्याकडून मात्र माझ्याकडे काहीच येत नाही. तिकडची एक चांगली कंपनी शोधून दाखवा. मी स्वतः बघायला येईन. पटली, तर कंपनीत पैसे घालू आणि तुम्हाला फंडात घेऊ."

अमरावतीत मी कंपन्या शोधतोय हे कळायला वेळ लागला नाही. एक गृहस्थ मंगल कार्यालय बांधायला पैसे मागायला आले. दुसरे आले ते त्या कार्यालयाला विरोध करायला पैसे मागत होते. मी दोघांनाही कुलदीपसारखं हसून "नाही" म्हटलं. पहिल्यांदा "नाही" म्हणताना जे सुख मिळालं ते काय सांगू! पण दोघांनीही जाताना माझ्याबद्दल कॉलनीच्या फाटकावर जे सांगितलं, ते हर्षानं मला पूर्ण सांगितलं नाही.

आणि मग रागिणी आली.

रागिणी मूळची अंजनगाव सुर्जीची. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. ते सोडून तिनं एक ॲप केलं होतं. नाव 'वाळवण'. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी गच्चीवर कुरड्या, पापड, शेवया, मूगवड्या वाळत पडतात. बायका नोकरीवर, पोरं क्लासला, आणि दुपारी अचानक आभाळ भरून आलं तर? रागिणीच्या ॲपमध्ये गच्चीची नोंद करायची. ढग आले की ॲप शिट्टी देणार, आणि तिनं नेमलेल्या मावश्या धावत येऊन, गच्चीवर चढून, सगळं वाळवण उचलून जिन्यात ठेवणार.

मी ऐकतच राहिलो. लहानपणी वाळवण राखायला गच्चीवर बसवलं गेलं नाही असा माणूस वऱ्हाडात आहे का? मला पहिल्यांदा मनापासून वाटलं, की ही कंपनी चालेल. आणि त्याच क्षणी डोळ्यांसमोर कुलदीप प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला दिसला.

"मॅडमला बोलवतो," मी म्हणालो. "आधी तुझी कंपनी नोंदवलेली आहे ना?"

ती नव्हती. आम्ही सेवा केंद्रात गेलो. तिथला योगेश कॉम्प्युटरवर बसून होता. "व्यवसाय काय?" त्यानं विचारलं.

"वाळवण उचलणे," रागिणी म्हणाली.

"थे यादीत नाई. शेतमाल हाये का?"

"नाही."

"हवामान खातं?"

"अहो, खातं कसं असेल?"

"मंग नेमकं काम कुठं चालते?"

"गच्चीवर."

योगेशनं समाधानानं बटण दाबलं. प्रमाणपत्र आलं, तेव्हा त्यावर व्यवसाय लिहिला होता: छताची व स्लॅबची कामे. बदलायचं तर अर्ज, अर्जाला जोडायला पुन्हा तेच प्रमाणपत्र, आणि वेबसाइट बंद. संपर्क म्हणून रागिणीनं आदरानं माझा नंबर दिला होता. पुढं कितीतरी दिवस मला गळक्या स्लॅबचे फोन येत होते. एक निवृत्त शिक्षक तर घरीच आले आणि गळतीचा डाग दाखवायला मला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. व्हेंचर कॅपिटलवाल्यांनी कंपनीच्या कामात खोल शिरावं म्हणतात. मी त्यांच्या माळ्यावर शिरलो.

मॅडमनी येण्याचं पक्कं कळवलं आणि मी राजीनामा लिहिला. यावरून मला पुष्कळांनी मूर्ख ठरवलं आहे. हर्षानं तर त्याच दिवशी. "नोकरी हातात आली का?" "येणारच आहे." "मंग आल्यावर सोडा ना." पण हे बायकांना कसं समजावं? सोडायचं म्हटल्यावर रुबाबात सोडलं पाहिजे.

मला वाटलं होतं, साहेब गयावया करतील, पगार वाढवतील, निदान "का?" म्हणतील. नोटीस तीन महिन्यांची होती. साहेब म्हणाले, "अरे वा! मस्त! तू उद्यापासून नाही आलास तरी चालेल." त्यांच्या "वा" मधल्या आनंदानं मला बरेच दिवस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेची जाहिरात इंटरनेटवर आली. तिच्यात लिहिलं होतं, 'अधिक उत्साही उमेदवारांस प्राधान्य.'

मॅडम यायच्या दिवशी मी कॉलनीतल्या सगळ्या बायकांना हात जोडून वाळवण घालायला लावलं होतं. समोरच्या दुर्गाबाईंनी धामणगाव रेल्वे या गावाहून माहेरचा गहू आणून त्याच्या कुरड्या घातल्या होत्या. अधिक मासातल्या उपासांसाठी कुणी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, कुणी बटाट्याचा कीस. सगळ्या गच्च्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. मॅडम नागपूरहून टॅक्सीनं आल्या, गच्चीवर चढल्या, आणि त्यांनी वर पाहिलं.

आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. अमरावतीचं ऊन जे काही करू शकतं ते सगळं करत होतं.

"म्हणजे ॲप चालताना दिसणार नाही," मॅडम रुमालानं मान पुसत म्हणाल्या.

रागिणी म्हणाली, "मॅडम, काल संध्याकाळचं रेकॉर्डिंग दाखवते ना." ती फोनमध्ये शोधायला लागली. तिनं ते दाखवलं असतं, मॅडमनी पाहिलं असतं, आम्ही खाली जाऊन ताक प्यालो असतो आणि आज मी कदाचित वेगळा माणूस असतो. पण इतक्या वर्षांची सवय. मोठ्या माणसांसमोर काही दाखवायचं आणि ते आयत्या वेळी दिसत नाहीये, हे प्रॉडक्ट मॅनेजरला बघवत नाही. "एक मिनिट," मी म्हणालो, आणि तिच्या हातातला फोन घेतला. "आपण खोटा ढग पाठवू. फक्त या एका गच्चीवर."

मी बटण दाबलं. ढग सगळ्या गच्च्यांवर गेला.

शिट्ट्या वाजायला लागल्या. चारी बाजूंनी मावश्या धावत सुटल्या. त्यांनी काम इतकं चोख केलं की त्यांना नाव ठेवायला जागा नाही. भर उन्हात, निळ्या आभाळाखाली, त्या एकेका गच्चीवर चढल्या आणि ओल्या कुरड्या, अर्धवट वाळलेले पापड, कीस, शेवया, सगळं साड्यांत, चादरींत, घमेल्यांत भरभर भरून खाली आणलं. आमच्या कॉलनीच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत, जिने सामाईक आहेत. मी मधे उभा राहून हातवारे करत होतो. "हे इकडे ठेवा! ते तिकडे नाही, इकडे! आधी ओलं, मग सुकं!" माझ्या आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या कॉलनीचं वाळवण एकाच जिन्यात, एकाच ढिगात येऊन पडलं.

मग घरोघरच्या बायका बाहेर आल्या.

"माह्या कुरड्या कोनत्या?" दुर्गाबाईंनी विचारलं. आवाज शांत होता. त्यानंच मी घाबरलो.

"सगळ्या इथंच आहेत काकू. एकही गेली नाही."

"गेली नाई थे दिसून राहिलं. माही कोनती, थे सांगा."

"ही माझी!" एक म्हणाली. "तुझी कशी? तुझ्या पिवळ्या पडतात दरसाल." "कोणाच्या पिवळ्या?" आमच्या कॉलनीत एकमेकींच्या कुरड्यांबद्दल वर्षानुवर्षं जे मनात होतं, ते सगळं त्या जिन्यात बाहेर पडलं. त्यातच कुणाच्या तरी लक्षात आलं, की उपासाचा साबुदाणा आणि कीस बिनउपासाच्या कुरड्यांना चिकटून बसला आहे. म्हणजे अख्खा अधिक मास बाटला. चंद्रभानजी वरच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मी तं आधीच म्हनलो होतो, कमी बोलनं." मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

मॅडम टॅक्सीत बसल्या तेव्हा मी घमेलं हातात घेऊन खिडकीशी उभा होतो. त्या रागवल्या नव्हत्या. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "रागिणी चांगली आहे. तिच्याशी मी बोलेन, वर्षभरानं बघू. पण शेखर, गुंतवणारा माणूस असतो ना, तो हाताची घडी घालून लांब उभा राहतो. तुम्ही ढिगाच्या मधे उभे होतात. तुम्ही प्रॉडक्ट मॅनेजरच आहात हो."

टॅक्सी गेली. आयुष्यात माझं इतकं खरं वर्णन कुणी केलं नव्हतं, आणि ते झालं मी ती नोकरी सोडल्यावर.

धोंड्याच्या जेवणाला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण अधिक मासात जावयानं न जाणं म्हणजे भांडण. हर्षानं माझी इस्त्रीची पँट काढून ठेवली. "तिकडे काय सांगायचं?" मी विचारलं. तिनं पँटची घडी पुन्हा घातली. मग म्हणाली, "काई सांगू नका. तुमी व्हेंचरमधे गेले असं मीनं आईले मागंच सांगतलं होतं. मंग खोडलं नाई."

"का खोडलं नाही?"

"तुमाले कोनी हसलं तं मले आवडत नाई," ती म्हणाली, आणि पिशवी भरायला लागली. तेवढ्यापुरता मी कुणावरही जळत नव्हतो.

अकोल्याला दारात पाय ठेवला. केशवरावांनी वेताच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. "या शेखरराव! आमच्या घरात आता दोन-दोन व्हेंचर! पन मान थोरल्याचा. हवेत बसा."

मी बसलो. ताट्यांचा ओला वास घेऊन वारं अंगावर आलं. समोर दाराजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीत, पाठीवर झळ घेत कुलदीप बसला होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. इतके दिवस मी ज्या दृश्यासाठी जीव टाकला ते तंतोतंत समोर होतं, आणि माझं सगळं लक्ष छताकडे बघण्यात जात होतं, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सासूबाईंनी ओवाळलं. चांदीचं निरांजन, अनारसे, पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार. जेवून मागच्या अंगणात हात धुवायला गेलो, तर कुलदीप मागं आला.

"दादा, रागवू नका. तुमाले एक सांगायचं होतं."

"बोल."

"आमचा फंड बंद झाला. गुढीपाडव्यालाच लक्षणं होती. साक्षगंधात मी नुसतंच फुशारकीनं बोललो." तो नळाकडे बघत, बंगलोरची भाषा सोडून घरच्या बोलीत बोलत होता. "लोकायले रोज नाई म्हनून म्हनून मले जेवन जात नव्हतं. इतके वर्स मी तुमच्यावर जळत होतो दादा. तुमी घरी बसून काम करता, दुपारी ताटात गरम भाकर, संध्याकाळी गच्चीवर. मी तिकडं दोन-दोन तास गाडीत. मंग आचलनं सांगतलं, तुमी सोडलं. मी त्याच रात्री अर्ज टाकला."

"कुठे?"

"तुमच्या कंपनीत. तुमच्याच जागेवर." त्यानं वर पाहिलं. "सोमवारपासून. अकोल्यातूनच करनार हाये, हितंच खोली घेतली. तुमाले तं आता काई गरज नाई ना त्याची?"

अधिक उत्साही उमेदवार. मी नळ बंद केला. "नाही," मी म्हणालो. "मला कशाला लागते?"

खोलीत परतलो. मी खुर्चीत बसलो. कुलदीप दाराशी बसला आणि त्यानं धीर करून सासऱ्यांना सांगून टाकलं. "मामाजी, मीनं थे व्हेंचर सोडलं. पुन्हा प्रॉडक्ट मॅनेजर झालो."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "मंजे पुन्हा थेच? तं वस्तू कोनती?"

"वस्तू मी बनवत नाई मामाजी."

"विकता?"

"नाई... मी मधे असतो."

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. पन्हं येण्याची चिन्हं नव्हती. कुलदीप माझ्याकडे बघत होता. मी गप्प बसायला हवं होतं. खुर्ची माझी होती, वारं माझं होतं, घरातला सगळा मान माझा होता. पण माझ्या कामाबद्दल कुणी "मधे असतो" म्हटलेलं मला सहन झालं नाही. निदान माझ्याशिवाय दुसऱ्यानं.

"मामाजी," मी म्हणालो, "शिवमचं साक्षगंध आठवा. स्वयंपाक कुणी केला?"

"आचाऱ्यानं."

"मंडप?"

"मंडपवाल्यानं."

"आणि आमंत्रणं, फुलं, गाद्या, सगळं दुसऱ्यांनीच केलं. पण पाव्हण्यांना नेमकं काय लागेल, पहिली पंगत कधी बसवायची, भात कमी पडतोय हे कळल्यावर आधी काय वाढायचं, मुलीकडची माणसं रुसली तर काय करायचं, हे कोण बघत होतं? ज्याच्या हातात झारा नाही, हातोडा नाही, पण ज्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. काही चुकलं तर लोक ज्याला बोलतात, आणि सगळं नीट झालं तर ज्याची कुणी आठवणसुद्धा काढत नाही. तो माणूस मधे नसला तर आचारी स्वयंपाक करेल, पण कार्य पार पडणार नाही. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे तो."

बोलता बोलता मी खुर्चीच्या काठावर आलो होतो. मला खरंच माहीत नव्हतं, की मला ते काम इतकं आवडत होतं.

 सासऱ्यांनी बोटांवर एकेक काम मोजलं. मग हळूच म्हणाले, "मंजे साक्षगंधात थे सगळं मीनं केलं."

"तुम्हीच केलं."

"मंजे घरचा कर्ता मानूस."

"हो."

"तं इतके वर्स कोनी सांगतलं कावून नाई?" ते उठले. डोळ्यांत एक वेगळीच चमक होती. लोकांना नाही म्हणणाऱ्या जावयाचा त्यांना अभिमान वाटला होता. हे मात्र त्यांचंच काम निघालं होतं. ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला ओळखीचं होतं. "शेखरराव, तुमी आपलेच हा. थोडे सरका. कुलदीपराव, तिकडं उनात कावून बसले? इकडे या, हवेत बसा."

मी उठलो. जाऊन दाराशी बसलो. प्लास्टिक चटका देण्याइतकं तापलं होतं.

कुलदीप संकोचत त्या खुर्चीत टेकला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याहून. माझीच माणसं, सोमवारचं काहीतरी विचारत होती. "हो, हो," तो म्हणाला, "बघतो मी." हे माझं वाक्य होतं, दिवसातून कितीदा तरी म्हणायचो. त्याच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं भुरुभुरु उडत होते. माझ्यापर्यंत नुसता आवाज येत होता.